किनाऱ्यावरचे उतारवय

नोकरी संपली आहे, मुले आपापल्या मार्गाला लागली आहेत, महिन्याची पेन्शन हातात पडते आणि गुडघे अजून साथ देत आहेत. अशा वेळी परदेशातल्या एखाद्या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहावे, हा विचार आता युरोप-अमेरिकेपुरता उरलेला नाही. पुण्या-मुंबईच्या निवृत्तांच्या कट्ट्यावरही पोर्तुगाल, थायलंड, मॉरिशस ही नावे निघू लागली आहेत.

या विषयावर जे छापले जाते, त्याचा सगळा भर स्वस्ताईवर आणि हवेवर असतो. पण या वाटेने माणसे दोनशे वर्षे जात आली आहेत. त्यांच्यासाठी देशोदेशी कायदे झाले आहेत आणि त्यांच्या आयुष्यावर समाजशास्त्रज्ञांनी पुस्तके लिहिली आहेत. हे सगळे एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ही निवड पासष्टीतला माणूस करतो, पण तिचे बरेवाईट ऐंशीतल्या माणसाला भोगावे लागते. जिथे या दुसऱ्या माणसाचा विचार आधी झाला, तिथे परदेशातले उतारवय खरोखर सुखाचे गेले आहे.

हिवाळा टाळणारी माणसे

समुद्रकाठी जाऊन राहण्याची ही चाल हिवाळ्यामुळे पडली. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत इंग्रज कुटुंबे थंडीचे महिने काढायला भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरच्या नीस शहरी जात. १८२०-२१ च्या कडक हिवाळ्यात तिथल्या गरिबांवर उपासमारीची पाळी आली, तेव्हा या पाहुण्यांनी वर्गणी काढून किनाऱ्यालगत रस्ता बांधायचे काम त्यांना दिले. तोच पुढे ‘प्रोमनाद देझांग्ले’ म्हणून जगप्रसिद्ध झाला. १८३४ मध्ये इंग्लंडचे माजी लॉर्ड चान्सलर ब्रूम इटलीला निघाले असता कॉलऱ्याच्या बंदीमुळे वाटेत अडकले. त्यांनी कान नावाच्या मासेमारांच्या गावी मुक्काम केला आणि पुढे तिथेच घर बांधले. १८५९ मध्ये डॉ. जेम्स हेन्री बेनेट क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्याच किनाऱ्यावरच्या मांतोंला आले, बरे झाले आणि त्यांनी त्या हवेची कीर्ती लिहून पसरवली.

तेव्हा हे सुख फार थोड्यांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पेन्शन आणि भरपगारी सुट्टी सार्वत्रिक झाली, विमानाने स्वस्त सहली निघू लागल्या आणि मध्यमवर्ग किनाऱ्यावर पोहोचला. स्पेनमधल्या बेनिदोर्म या मासेमारांच्या गावाचा विकास आराखडा महापौर पेद्रो सारागोसा यांनी १९५६ मध्ये मंजूर करून घेतला. आज तिथे समुद्रासमोर उंच इमारतींची रांग उभी आहे. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल युरोपीय समुदायात आले, नव्वदच्या दशकात विमानप्रवास आणखी स्वस्त झाला आणि सुट्टीला येणारी माणसे निवृत्तीनंतर कायमची येऊ लागली.

रसेल किंग, टोनी वॉर्न्स आणि अॅलन विल्यम्स या तीन भूगोल-अभ्यासकांचे ‘सनसेट लाइव्ह्ज’ हे पुस्तक २००० साली आले. इटलीतला तोस्काना, माल्टा, स्पेनमधला कोस्टा देल सोल आणि पोर्तुगालमधला आल्गार्व्ह या चार ठिकाणच्या ब्रिटिश निवृत्तांचा त्यात अभ्यास आहे. बहुतेकांनी ठिकाण निवडले ते आधी तिथे सुट्ट्या घालवल्या होत्या म्हणून, असे त्यातून दिसते. सुट्टीत बघितलेले गाव आणि राहायला घेतलेले गाव यांत किती अंतर असते, हा त्यानंतरच्या सगळ्या अभ्यासांचा कळीचा प्रश्न राहिला.

म्हाताऱ्यांची निर्यात?

दुसरीकडे, परदेशी पेन्शनर हे परकीय चलनाचे साधन आहेत हे काही देशांनी लवकर ओळखले. कोस्टारिकाने १९६४ मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. फिलिपिन्सने १९८५ मध्ये निवृत्तांसाठी स्वतंत्र प्राधिकरणच काढले. पनामाची प्रसिद्ध पेन्शनर योजना १९८७ ची, तर मलेशियाने १९९६ मध्ये सुरू केलेली योजना २००२ पासून ‘मलेशिया माय सेकंड होम’ म्हणून ओळखली जाते.

जपानची गोष्ट वेगळी आहे. १९८६ मध्ये तिथल्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने ‘सिल्व्हर कोलंबिया’ नावाची योजना मांडली. निवृत्त जपानी जोडप्यांसाठी स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा उबदार देशांत वसाहती उभारायच्या, असा तो बेत होता. गाड्या आणि टीव्ही झाले, आता जपान म्हातारी माणसेही निर्यात करणार का, अशी टीका देशात आणि बाहेरही झाली आणि योजना मूळ स्वरूपात पुढे गेली नाही. पण तिच्यातून एक शहाणा मधला मार्ग निघाला. १९९२ मध्ये ‘लाँग स्टे फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली. कायमचे स्थलांतर करण्याऐवजी काही महिने परदेशात राहायचे, घर मात्र जपानमध्येच ठेवायचे, ही पद्धत तिने रुजवली. अशा लांब मुक्कामांसाठी मलेशिया सलग अनेक वर्षे जपान्यांची पहिली पसंती राहिला.

परवान्याचा दर आणि त्याचा भरवसा

आज निवृत्ताला राहू देण्याच्या अटी देशोदेशी वेगळ्या असल्या तरी सूत्र एकच आहे: पैसे बाहेरून आणा, इथली नोकरी घेऊ नका, आजारपणाचा भार आमच्यावर टाकू नका. पनामात महिना १,००० डॉलरची तहहयात पेन्शन दाखवावी लागते. पोर्तुगालच्या ‘डी ७’ व्हिसासाठी तिथल्या किमान वेतनाइतके नियमित उत्पन्न लागते. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होते. स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला त्याच वर्षी महिना २,४०० युरो दाखवावे लागत, शिवाय जोडीदारासाठी ६०० आणि खासगी आरोग्यविमा.

थायलंडची अट पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आहे. बँकेत ८ लाख बाथ ठेवा किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवा. ८ लाख बाथ म्हणजे वीस लाख रुपयांहून थोडी जास्तच रक्कम झाली. परवाना एका वर्षाचा, दर वर्षी नव्याने वाढवून घ्यायचा. दर ९० दिवसांनी आपण अमुक पत्त्यावर राहतो हे इमिग्रेशन कार्यालयाला कळवायचे. हुआ हिनच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षे राहिलेल्या माणसालाही हे चुकत नाही. साठीत ही कामे हसत होतात. पंचाऐंशीत, हातात काठी असताना, हीच कामे कोण करणार हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे अटी बदलतात. पोर्तुगालने २००९ मध्ये आणलेल्या करसवलतीखाली परदेशी पेन्शनवर दहा वर्षे करच लागत नसे. फिनलंड आणि स्वीडनमध्ये यावर संताप झाला. आयुष्यभर आमच्या सोयींवर वाढलेली माणसे शेवटी कुठेच कर भरत नाहीत, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. फिनलंडने २०१९ पासून आणि स्वीडनने २०२२ पासून पोर्तुगालबरोबरचा करविषयक करारच संपवला. पोर्तुगालने २०२० मध्ये १० टक्के कर बसवला आणि २०२४ पासून ही जुनी योजना नव्या लोकांसाठी बंद केली. मलेशियाने २०२१ मध्ये मासिक उत्पन्नाची अट १०,००० रिंगिटवरून एकदम ४०,००० वर नेली आणि २०२४ मध्ये पुन्हा सगळी रचना बदलली. थायलंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून, वर्षातले १८० दिवस तिथे राहणाऱ्याने बाहेरून आणलेले उत्पन्न नव्या अर्थाने करपात्र झाले. घर घेतल्यावर निवासाचा परवाना देणारी योजना पोर्तुगालने २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली.

सर्वांत मोठा धक्का ब्रेक्झिटचा होता. स्पेनमध्ये अडीच लाखांहून अधिक ब्रिटिश नागरिक राहतात. २०२० संपेपर्यंत रीतसर नोंद असलेल्यांचे हक्क वाचले. ज्यांनी नोंदच केली नव्हती, जे निम्मे वर्ष इकडे आणि निम्मे तिकडे काढत होते, त्यांना १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा लागू झाली. स्वतःच्या मालकीच्या घरातही तीन महिन्यांहून जास्त सलग राहता येईना. पाहुणा म्हणून मिळालेला हक्क यजमानाच्या मर्जीवर असतो, ही जाणीव असलेली माणसे कागद वेळेवर करतात.

पेन्शनचा हिशेब

परदेशात राहणाऱ्या पेन्शनरचे उत्पन्न एका चलनात येते आणि खर्च दुसऱ्या चलनात होतो. २०१५ मध्ये एका पाऊंडाला सुमारे १.४० युरो मिळत. ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर, २०१७ च्या उन्हाळ्यात, तो दर १.१० च्या आसपास आला. महिना १,००० पाऊंड मिळणाऱ्याच्या हाती १,४०० ऐवजी १,१०० युरो पडू लागले. भाडे, वीज, औषधे यांचे दर मात्र कमी झाले नाहीत. पनामात अमेरिकन डॉलरच चालतो, हे अमेरिकन निवृत्तांना तो देश आवडण्याचे एक साधे कारण आहे.

दुसरा प्रश्न महागाईनुसार होणाऱ्या वाढीचा. ब्रिटनची सरकारी पेन्शन युरोपीय देशांत, अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये, मॉरिशसमध्ये राहणाऱ्यांना दर वर्षी वाढवून मिळते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, थायलंड आणि भारतात राहणाऱ्यांना ती पहिल्या रकमेवरच गोठवलेली मिळते. लंडनमध्ये तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून पुण्याला परतलेल्या मराठी माणसालाही हाच नियम लागू आहे. वर्गणी सारखीच भरली आणि केवळ पत्ता बदलला म्हणून वीस वर्षांनी पेन्शन निम्म्या किमतीची व्हावी, हा उघड अन्याय आहे. त्याविरुद्ध अनेक वर्षे चळवळ चालू असली तरी नियम बदललेला नाही.

घर आपले, जमीन कोणाची?

किनाऱ्यावरचे घर विकत घेणे हा या स्वप्नाचा सगळ्यांत महाग भाग, आणि सर्वाधिक नुकसानही इथेच झालेले आहे. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. इमारतीतल्या एकूण क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांपर्यंतचे फ्लॅट परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतात, जमिनीचा भाडेकरार ३० वर्षांचा. फिलिपिन्समध्येही जमीन नाही आणि फ्लॅटची मर्यादा ४० टक्के. मेक्सिकोच्या राज्यघटनेनुसार किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला थेट मालकी मिळत नाही. बँकेमार्फत ५० वर्षांचा विश्वस्त करार करावा लागतो, जो पुढे वाढवता येतो.

स्पेनमध्ये मालकी मिळते, पण परवान्याची खात्री करावी लागते. जानेवारी २००८ मध्ये आल्मेरिया प्रांतातल्या वेरा गावी एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचे घर सरकारी यंत्रणेने पाडले. घराला नगरपालिकेचा परवाना होता. प्रादेशिक सरकारने तो परवानाच अवैध ठरवला होता. त्या भागात असे परवाने घेऊन बांधलेली घरे हजारोंनी निघाली आणि मोठ्या संख्येने परदेशी निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी त्यांत अडकली. कागद तपासणारा वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा, हा धडा तिथे फार महागात मिळाला.

घराबरोबर वारसाहक्क येतो. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्समध्ये मुलांचा ठरावीक वाटा कायद्याने राखलेला असतो, मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. पोर्तुगीज नागरी कायद्याखाली वाढलेल्या गोव्यातल्या वाचकाला हे ओळखीचे आहे, इतरांना धक्का बसतो. ऑगस्ट २०१५ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमानुसार, आपल्या मालमत्तेला आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसा कायदा लागू व्हावा असे मृत्युपत्रात लिहून ठेवता येते. एवढे एक वाक्य लिहून ठेवल्याने मागे राहिलेल्या जोडीदाराची वर्षानुवर्षांची कोर्टकचेरी वाचू शकते.

ऐंशीनंतर

खरी कसोटी इथे लागते. अमेरिकेचे ‘मेडिकेअर’, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, अगदी थोडे अपवाद सोडता देशाबाहेर चालत नाही. युरोपीय संघात राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरांचा दवाखान्याचा खर्च ‘एस १’ नावाच्या फॉर्मखाली ब्रिटन उचलतो आणि ब्रेक्झिटनंतरही ही सोय टिकली. पण त्यात उपचार येतात, घरी येऊन आंघोळ घालणे, जेवू घालणे, रात्री सोबत करणे येत नाही. दक्षिण युरोपात ही जबाबदारी परंपरेने मुली-सुनांची मानली गेली आणि आता बऱ्याच घरांत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायका ती पार पाडतात. परदेशी जोडप्याजवळ मुलगी नसते आणि काळजी घेणारीशी बोलायला भाषा नसते.

कॅरन ओरायली यांनी कोस्टा देल सोलवरच्या ब्रिटिशांचा आणि कॅरोलिन ऑलिव्हर यांनी दक्षिण स्पेनमधल्या वार्धक्याचा जवळून अभ्यास केला आहे. सुरुवातीची वर्षे मंडळे, सहली, नाच, गोल्फ, बागकाम यांत भरून जातात, माणूस मायदेशापेक्षा तिथे जास्त तरुण राहतो. जोडीदार गेला, गाडी चालवणे बंद झाले की टेकडीवरचे समुद्र दिसणारे तेच घर अडचणीचे होते. औषधाचे दुकान उतारावर दोन किलोमीटर, बस नाही. मित्रही त्याच वयाचे, एकेक करून परत गेलेले किंवा निवर्तलेले. मायदेशी परतावे तर घर विकलेले आणि तिथल्या घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेलेल्या.

या संदर्भात ब्रिटिश लेखक जेराल्ड ब्रेनन यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९२० मध्ये ते दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाच्या डोंगरातल्या येहेन गावी राहायला गेले. पुढे मलागाजवळ स्थायिक झाले आणि स्पेनच्या इतिहासावर व लोकजीवनावर त्यांनी लिहिलेली पुस्तके स्पॅनिश लोकांनी आपली मानली. १९८४ मध्ये, नव्वदीला टेकलेले असताना, घरी सांभाळणे अशक्य झाले म्हणून त्यांना लंडनजवळच्या पिनर इथल्या वृद्धाश्रमात नेण्यात आले. बातमी कळताच स्पेनमध्ये हलकल्लोळ झाला. सरकारी मदतीने त्यांना आल्हाउरिन एल ग्रांदे या त्यांच्या गावी परत आणले गेले आणि शुश्रूषेची व्यवस्था झाली. १९८७ मध्ये ते तिथेच वारले. आज त्यांची रक्षा मलागाच्या इंग्रज दफनभूमीत आहे. ती दफनभूमी १८३१ पासूनची. त्याआधी प्रॉटेस्टंट माणूस मेला तर त्याला रात्री समुद्रकाठच्या वाळूत पुरले जाई, कारण कॅथलिक भूमीत त्याला जागा नव्हती. वाळूतल्या त्या पुरण्यापासून ब्रेनन यांना परत आणणाऱ्या गावापर्यंतचे अंतर पैशाने कापलेले नाही. एका माणसाने साठ वर्षे त्या लोकांची भाषा बोलून, त्यांच्याविषयी आस्थेने लिहून ते कापले.

ब्रेनन होणे सगळ्यांना शक्य नाही, पण जोन हंट यांचे उदाहरण कोणालाही घेण्याजोगे आहे. पतीचे कर्करोगाने निधन झाल्यावर या ब्रिटिश बाईंनी १९९२ मध्ये मलागाजवळच्या बेनालमादेना इथे ‘कुदेका’ ही संस्था सुरू केली. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची ती विनामूल्य काळजी घेते, मग रुग्ण स्पॅनिश असो वा परदेशी. जुन्या वस्तूंच्या दुकानांतून तिला पैसा मिळतो आणि स्वयंसेवकांत दोन्हीकडची माणसे आहेत. स्वतःच्या दुःखात जी उणीव दिसली ती सगळ्या गावासाठी भरून काढली, म्हणून ही बाई मलागाची झाली.

गाव ज्यांचे आहे ते

स्पेनमधल्या अलिकान्ते प्रांतातल्या सान फुल्हेन्सियो किंवा रोहालेससारख्या गावांत परदेशी रहिवासी स्थानिकांपेक्षा जास्त आहेत. त्यांनी आणलेल्या पैशावर दुकाने आणि दवाखाने चालतात, हे खरे. पण घरांचे भावही त्याच पैशाने चढतात. पर्यटनाने आणि बाहेरच्या खरेदीने आपल्याला भाड्याचे घर मिळेनासे झाले, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये कॅनरी बेटांवर हजारो स्थानिक रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२५ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी, स्पेनमध्ये न राहणाऱ्या बिगर-युरोपीय खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर बसवण्याचा प्रस्ताव मांडला.

गोव्यात हीच तक्रार आपण ऐकतो. किनाऱ्यालगतची घरे बाहेरच्यांनी घेतली आणि गावच्या मुलाला गावात जागा घेणे परवडेना. तिथे पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी लोकांनी केलेल्या जमीनखरेदीची परकीय चलन कायद्याखाली चौकशीही झाली, कारण अशा व्हिसावर आलेल्याला भारतात जमीन घेता येत नाही. यजमानाच्या बाजूने हा प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. पाहुणे म्हणून जाताना ती समज बरोबर न्यायला हवी.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

भारतीय निवृत्ताचा मार्ग युरोपीय माणसापेक्षा अवघड आहे. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर नेता येते. पेन्शन चालू राहण्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो भारतीय दूतावासातून देता येतो, पण विसरून चालत नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा परदेशात उपयोग नाही आणि इथला बहुतेक आरोग्यविमाही तिथे चालत नाही. साठीनंतर नव्या देशात नवा विमा काढायचा तर जुनी दुखणी वगळूनच मिळतो.

मॉरिशस हा पर्याय मराठी माणसाला मनाने जवळचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी विषय घेता येतो. पन्नाशीपुढच्या परदेशी निवृत्ताला ठरावीक मासिक रक्कम बाहेरून आणण्याच्या अटीवर दहा वर्षांचा परवाना मिळतो आणि मान्य प्रकल्पात ३,७५,००० डॉलरचे घर घेतल्यासही निवासाचा हक्क येतो. मात्र रोजचा व्यवहार क्रिओल आणि फ्रेंचमध्ये चालतो, आणि जानेवारी २०२४ च्या ‘बेलाल’ वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाण्याचे लोंढे आले होते. किनारा निवडणाऱ्याने वादळ आणि पूरही निवडलेले असतात.

या सगळ्या अनुभवातून निघणारा सल्ला सरळ आहे. जागा पसंत पडली तर आधी एक पूर्ण वर्ष भाड्याने राहावे, सुट्टीचा मोसम संपल्यावर ओस पडलेले गावही बघावे. इथले घर विकू नये. दवाखाना, बसथांबा आणि वाण्याचे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असलेले सपाटीवरचे घर घ्यावे, समुद्र थोडा लांब असला तरी चालेल. भाषा निवृत्तीच्या आधीच शिकायला घ्यावी. दोन्ही देशांत चालणारे मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र करावे. मग नवराबायकोने एकमेकांना तीन प्रश्न विचारावेत: आपल्यातले एक गेले तर दुसरे तिथे राहील का, राहिले तर त्याचे कोण बघेल, आणि परतायचे ठरले तर कुठे परतेल? ज्यांना याची उत्तरे नावानिशी लिहिता येतात त्यांनी निर्धास्त जावे. त्यांच्या वाट्याला आयुष्यातली उत्तम वर्षे येऊ शकतात. ज्यांना ती लिहिता येत नाहीत त्यांनी जपान्यांसारखे दोन-तीन महिने राहून घरी यावे. एवढ्यानेही समुद्राचे सुख पुरेपूर मिळते, आणि म्हातारपण कोणाच्या मर्जीवर सोडावे लागत नाही.